पडदा उघडण्याआधी

गॅदरिंगचं नाटक बसवताना शेवटच्या आठवड्यात काय धांदल उडते, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. राजाचा घसा बसतो, पेटीवाल्याला परगावचं लग्न निघतं, आणि ज्या मुलीचं गाणं गाळलं तिची आई शाळेच्या दारात येऊन उभी राहते! नाटकात गाणं आलं की हे ओघानंच आलं, मग ते रहिमतपुरात असो की न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर.

ब्रॉडवेवरची जुनी रीत अशी, की नवे संगीत नाटक एकदम तिथे उभे करायचे नाही. आधी न्यू हेवन, बॉस्टन अशा गावी प्रयोग लावायचे. दिवसा फेरफार, रात्री प्रयोग. एक चाल बदलली, तर वाद्यवृंदातल्या प्रत्येक वादकासाठी स्वरलिपीचे कागद नव्याने उतरवायचे. नटांना झोप नाही, आणि पैसा घातलेल्या मालकाला तर मुळीच नाही. १९४३ साली 'अवे वुई गो' नावाचे नाटक न्यू हेवनला लागले. ते पाहून आलेल्या जाणत्यांनी न्यूयॉर्कात आवई उठवली, की यात काही दम नाही. पुढे त्याचे नाव बदलले, एक गाणे सबंध संचाच्या तोंडी दिले, आणि ३१ मार्चला न्यूयॉर्कात पडदा उघडला तो 'ओक्लाहोमा' म्हणून. पहिल्याच फेरीत २२१२ प्रयोग झाले! अर्धवट शिजलेला भात चाखून स्वयंपाकाला नावं ठेवणारी मंडळी सगळीकडेच असतात.

आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा पहिले चारच अंक केले. उरलेले मागाहून आले. मला तरी ही रीत शहाणपणाची वाटते.

आता गाण्यावरूनच इतके रुसवे का होतात? गद्य नाटकातलं वाक्य कापलं तर नट कुरकुरतो आणि विसरतो. पण पद कापलं की त्याची टाळी गेली, त्याचा 'वन्स मोअर' गेला. मग रंगपटात कुजबुज सुरू होते, की अमक्याने तमक्याचे पद मुद्दाम काढवले. ती विंगेतून बाहेर पडून चहाच्या दुकानापर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

सगळ्याच अडचणी मात्र अशा हसण्यावारी नेण्यासारख्या नसतात. सांगलीत जन्मलेल्या काकासाहेब खाडिलकरांच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी मुंबईत झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले. याला कर्तव्य म्हणावे की क्रूर रिवाज, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझ्याने ठरवत नाही. दोनच वर्षांनी, १९१३ साली, बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले व गंधर्व नाटक मंडळी निघाली. पुढे १९२१ च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले 'मानापमाना'त एकत्र उतरले. मग काय विचारता! कोण कुणावर मात करणार, याचीच चर्चा. त्याच साली केशवराव गेले.

रहिमतपूरकरांना या सगळ्यात एक घरचा माणूस आहे. वसंत कानेटकर १९२० साली इथेच जन्मले. त्यांचे 'मत्स्यगंधा' १९६४ चे. संगीत जितेंद्र अभिषेकींचे, पदे खुद्द नाटककाराची. नाटककार आणि पदकार एकच असला म्हणजे एक सोय होते: चालीत शब्द बसेना, तर नवा शब्द मागायला दुसऱ्याच्या दारी जावे लागत नाही. त्यांच्याच 'लेकुरे उदंड जाली'त, १९६६ साली, वेगळाच प्रकार आला. बोलता बोलता पात्र गाऊ लागते. किर्लोस्करवाडीचे श्रीकांत मोघे त्यात होते.

ऐकायला हे सोपे वाटते, पण तालमीत घाम काढते. वाक्य संपल्यावर पेटीने सूर दिला तर मध्ये भोक पडते, आणि न देता नट उठला तर तो भलत्याच पट्टीत जातो. तेव्हा गुरुजी, असे गाणे बसवणार असाल तर पेटीवाल्याच्या हातीही नाटकाची वही द्या आणि गाण्याआधीच्या वाक्यावर त्याच्यासाठी लाल पेन्सिलीने खूण करा. सूर त्या वाक्याच्या मध्यावरच हळूच धरायचा. आणि लग्न कुठल्या तारखेला आहे, तेही आधीच विचारून घ्या.