आहारविकारातून सावरताना यात्रेचा प्रवास

वेलंकनीसारख्या दूरच्या यात्रेला निघताना आपण तिकिटे, निवास व सामान यांची चिंता वाहतो. परंतु सोबत अॅनोरेक्सिया वा बुलिमिया या आहारविकारातून सावरणारी व्यक्ती असेल, तर जेवणाच्या वेळा सांभाळणे अधिक महत्त्वाचे, असे आम्ही सुचवू इच्छितो. या विकारांच्या उपचारात दिवसातून 3 जेवणे व 2-3 वेळा अल्पोपाहार, असा नियमित क्रम पाळावयाचा असतो. प्रवासात तोच प्रथम मोडतो, आणि चुकलेल्या जेवणातून जुनी सवय पुन्हा डोके वर काढू शकते.

म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, परिचयाच्या पदार्थांचा डबा बरोबर ठेवावा व ठरल्या वेळी एकत्र जेवावे. ताटावर वा वजनावर भाष्य करू नये. चक्कर आल्यास वा छातीत धडधडल्यास त्वरित रुग्णालय गाठावे.

यात्रेत उपवास हवाच, अशी काहींची समजूत असते. ख्रिस्तसभेचा उपवासाचा नियम राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार या दोन दिवसांपुरता, 18 ते 59 वर्षे वयाच्या व्यक्तींसाठी आहे. आजारी माणसांवर ते बंधन नाही. अशा व्यक्तीने स्वतःहून उपवास धरला, तरी त्याआड विकार दडलेला नाही ना, हे आपण मायेने विचारावे.