भोर व राजगड तालुक्यांतील रानफुलांचा बहर

पुणे जिल्ह्याच्या भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) या सह्याद्रीलगतच्या तालुक्यांत पावसाळ्याच्या उत्तरार्धात डोंगरपठारे, गडांच्या माच्या आणि गवताळ उतार रानफुलांनी भरून जातात. भोर तालुक्यातील रायरेश्वराचे पठार आणि राजगड तालुक्यातील राजगड व तोरणा ही हा बहर पाहण्याची परिचित ठिकाणे आहेत. साधारणतः ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या प्रारंभापर्यंत बहर टिकतो. पावसाच्या मानाने तो थोडा मागेपुढे होतो.

बहराची कारणे

पठारांच्या माथ्यावर अनेक ठिकाणी कातळावर मातीचा अगदी पातळ थर असतो. त्यात मोठ्या वृक्षांची मुळे धरत नाहीत. जून ते सप्टेंबर हा थर चिंब असतो. पुढे तो झपाट्याने सुकतो आणि उन्हाळ्यात कातळ तापतो. मुसळधार पावसाच्या प्रदेशात असूनही येथील वनस्पतींना वर्षाचा मोठा भाग वाळवंटासारख्या परिस्थितीत काढावा लागतो. अमेरिकेतील मोजावे वाळवंटात हिवाळी पाऊस चांगला झाला की वसंतात वर्षायू वनस्पती एकदम फुलतात. येथील वर्षायू वनस्पतीही तसेच रुजणे, फुलणे व बीज धरणे अल्पावधीत उरकतात. मात्र येथे बहराचे महिने भाद्रपद-आश्विन हे असतात. काही वनस्पती कंदरूपाने जमिनीत तग धरतात.

प्रमुख वनस्पती

तेरड्याची फुले गुलाबी-जांभळी असतात. त्याचे पक्व फळ स्पर्श होताच फुटून बी दूर उडते. सोनकीच्या पिवळ्या फुलांनी उतार झाकले जातात. ओल्या, निकस जागी वाढणारी ‘सीतेची आसवे’ ही कीटकभक्षी वनस्पती सूक्ष्म पिशव्यांत जलजीव पकडून पोषण मिळवते. उतारांवरील कारवी साधारणतः सात वर्षांनी एकदाच सामूहिकपणे फुलते आणि बीज धरल्यावर वाळते. तिच्या काठ्यांवर माती लिंपून कुडाच्या भिंती उभारण्याची रीत आहे.

पदभ्रमण

कोर्ले गावाच्या बाजूने रायरेश्वरावर जाताना अखेरच्या टप्प्यात लोखंडी शिडी लागते. पठारावर शंकराचे मंदिर व जंगम कुटुंबांची वस्ती आहे. शिवाजी महाराजांनी १६४५ मध्ये येथे स्वराज्याची शपथ घेतली, असे परंपरा सांगते. सुमारे १,४०० मीटर उंचीच्या तोरण्याची चढण अधिक दमवणारी आहे. या दिवसांत वाटा निसरड्या असतात व धुक्यामुळे दिशाभूल होऊ शकते.

संवर्धन

वर्षायू वनस्पतींचे पुढील वर्ष त्यांच्या बियांवरच अवलंबून असते. बीज धरण्यापूर्वी रोप तुडवले किंवा फूल तोडले गेल्यास तेथील बियांचा साठा घटतो. पायदळी मातीचा थर सुटल्यास तो पावसात वाहून जातो आणि पुन्हा साचण्यास फार काळ लागतो. म्हणून मळलेल्या वाटेवरून वा उघड्या कातळावरून चालणे आणि छायाचित्रांसाठी फुलांत न बसणे आवश्यक ठरते. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत समाविष्ट झालेल्या सातारा जिल्ह्यातील कास पठारावर याच कारणासाठी पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालण्यात आली.