गावची शाळा, लेखांक ७ : दीड हजारांचा नक्षलभत्ता

मागच्या लेखात गडचिरोली जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या रिक्त पदांचा विषय झाला. ‘जास्त पैसे द्या, शिक्षक येतील आणि टिकतील’ हे त्यावरचं सगळ्यांच्या तोंडी असलेलं उत्तर. शासनाने ते फार पूर्वीच देऊन ठेवलं आहे. ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागातल्या कर्मचाऱ्यांसाठी दोन सवलती आल्या. पहिली ‘एकस्तर’ची : या भागात आहात तोवर वरच्या पदाची वेतनश्रेणी, बदली होऊन बाहेर पडलात की पुन्हा मूळ श्रेणी. दुसरी प्रोत्साहन भत्त्याची : मूळ वेतनाच्या १५ टक्के, पण किमान २०० आणि कमाल १,५०० रुपये. यालाच आपल्याकडे नक्षलभत्ता म्हणतात.

गोम त्या ‘कमाल’मध्ये आहे. २००२ साली पाचवा वेतन आयोग लागू होता आणि प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन ४,५०० रुपयांपासून सुरू होई. त्याचे १५ टक्के म्हणजे ६७५ रुपये. मर्यादेला हात लागायचा तर मूळ वेतन दहा हजार हवं, आणि तेवढं अधिकाऱ्यांनाच मिळे. शिक्षकाला त्याचे पंधरा टक्के पुरेपूर मिळत. पुढे सहावा आयोग आला, सातवा आला. आता प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतनच २९,२०० पासून सुरू होतं. त्याचे १५ टक्के ४,३८० रुपये व्हायला हवेत. दीड हजारांची मर्यादा लावली की उरतात जेमतेम पाच टक्के. मूळ वेतन साठ हजारांवर पोचलेल्या अनुभवी गुरुजींच्या वाट्याला अडीच. शासन निर्णयात १५ टक्के लिहिलेले आहेत, पगारपत्रकात ते दिसत नाहीत.

नव्याने लागणाऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. पहिली तीन वर्षं तो शिक्षण सेवक असतो. प्राथमिकला सहा हजार रुपये मानधन होतं, ते जानेवारी २०२३ पासून सोळा हजार झालं. घर सोडून दूरच्या जंगलगावात उभं राहण्याचा सगळ्यात अवघड काळ हाच, आणि या काळात मूळ वेतनच नाही, तर टक्के कशाचे काढायचे?

दुसरी अडचण सरसकटपणाची. आरमोरी नागपूर-गडचिरोली रस्त्यावर आहे. जिल्ह्यातलं रेल्वे स्टेशन असलेलं देसाईगंज शेजारीच. वैनगंगा ओलांडली की ब्रह्मपुरी. आरमोरीहून गडचिरोली गाठून पुढे दीडशे किलोमीटरहून अधिक गेल्यावर भामरागड येतं, आणि भत्त्याचा नियम दोन्हीकडे तोच. आरमोरी तालुक्यातही सगळं सारखं नाही. रस्त्यालगतची शाळा वेगळी, मानापूर-देलनवाडीच्या पुढची जंगलातली शाळा वेगळी. शाळा डांबरी रस्त्यापासून किती आत आहे, शिक्षक गावातच मुक्कामाला आहे की आरमोरी, ब्रह्मपुरीहून रोज अपडाऊन करतो, याची विचारपूस हा भत्ता करत नाही.

पैशाने शिक्षकाचं वागणं बदलतं का? बदलतं, पण पैसा कशाला बांधला आहे यावर. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर या संस्थेच्या एकशिक्षकी केंद्रांत २००३ पासून शिक्षकाने रोज तारीख-वेळ उमटणारा फोटो काढायचा आणि हजेरीवर मानधन ठरायचं, असा प्रयोग झाला. गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ वर आली. आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी मुलांच्या प्रगतीशी बोनस जोडला. वार्षिक पगाराच्या सरासरी तीन टक्के एवढाच तो होता, तरी दोन वर्षांत गणितात आणि भाषेत मुलं इतर शाळांच्या पुढे गेली. उलट इंडोनेशियात प्रमाणित शिक्षकांचा मूळ पगार कसलीही अट न घालता दुप्पट केला. शिक्षक समाधानी झाले, मुलांचं शिकणं होतं तिथेच राहिलं. गांबिया या छोट्याशा आफ्रिकी देशाने मुख्य रस्त्यापासूनचं शाळेचं अंतर पाहून पगाराच्या ३० ते ४० टक्के भत्ता दिला, तेव्हा शिकलेले शिक्षक आतल्या गावांकडे वळू लागले. आपल्याला घ्यायचा असेल तर धडा गांबियाचा घ्यावा. आंध्रचा बोनस इथे जसाच्या तसा चालणार नाही. मार्च-एप्रिलमध्ये पोरं पहाटेच मोहफुलं वेचायला जातात, त्या आठवड्यांतल्या परीक्षेवर गुरुजींचा पगार ठरवणं अन्यायाचं होईल.

शिवाय शाळा आतून पाहा. साठपर्यंत पट असेल तर कायद्याने शिक्षक दोन, वर्ग चार किंवा पाच. एक गुरुजी केंद्राच्या बैठकीला किंवा मतदार यादीच्या कामाला गेले की दुसऱ्या बाई पहिली ते चौथी एकाच खोलीत बसवतात : पहिलीला पाटीवर अक्षरं गिरवायला देतात, चौथीला फळ्यावर भागाकार मांडून देतात, मधूनच पोषण आहाराचा तांदूळ मोजून देतात आणि नोंदवहीत पट भरतात. कोणत्याही भत्त्याने हा दिवस हलका होत नाही.

शिक्षकांना पैशापेक्षाही जास्त भरवसा वाटतो तो बदलीच्या हमीचा. २७ फेब्रुवारी २०१७ च्या बदली धोरणाने अवघड क्षेत्रात सलग तीन वर्षं काढणाऱ्याला बदलीचा अधिकार दिला. माझ्या मते जिल्हा परिषद शिक्षकांसाठी अलीकडच्या काळात झालेला हा सर्वांत न्याय्य निर्णय. मात्र तो माणसाला तीन वर्षं थांबवतो, चौथं वर्ष थांबण्याचं कारण देत नाही. गावाची भाषा, माणसं ओळखीची होतात नेमकी तेव्हाच गुरुजी निघतात. म्हणून भत्त्याची मर्यादा काढून तो शाळानिहाय ठरवावा, आणि त्याच शाळेत चौथ्या वर्षापासून दरवर्षी वाढवावा.

राहिला मुक्कामाचा प्रश्न. सप्टेंबर २०१९ पासून मुख्यालयी राहत असल्याबद्दल ग्रामसभेचा ठराव मागितला जातो. अनेक गावांत भाड्याने खोलीच मिळत नाही, आणि वाघाचा वावर असलेल्या आरमोरी-देसाईगंजच्या जंगलातून संध्याकाळी मोटारसायकलने परतणं हा जिवाशी खेळ आहे. येत्या ग्रामसभेत हा ठराव समोर येईल तेव्हा आधी शिक्षकासाठी पाणी-संडास असलेल्या एका खोलीचा ठराव मांडा.