सुरगाठ, निरगाठ आणि त्यापुढच्या दोन

आजचा विषय दोरी. हातभर सुतळी घेऊन बसा, नुसतं वाचून गाठ येत नाही.

घरोघरी दोन गाठी माहीत असतात. ओढली की सुटते ती सुरगाठ, सुटता सुटत नाही ती निरगाठ. फौजेत कसोटी वेगळी: वजन असेपर्यंत गाठ हलता कामा नये आणि वजन उतरलं की बोटांनी सुटली पाहिजे.

आधी चपटी गाठ. उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. प्रथमोपचाराची पट्टी बांधायला उत्तम, टोचत नाही. दोन्ही वेळा उजवंच वर घेतलंत तर ती फसवी होते. तुमच्या बुटाची नाडी बघा. फुलाचे कान आडवे न राहता टाचेकडे-बोटांकडे वळत असतील, तर रोज फसवीच बांधताय.

पण ही चपटी गाठ दोन दोर जोडायला वापरू नका. क्लिफर्ड अ‍ॅशली या अमेरिकन गृहस्थांचा गाठींवरचा जाडजूड ग्रंथ १९४४ साली निघाला. त्यांच्या मते या एका चुकीने बाकी सगळ्या गाठींपेक्षा जास्त जीव घेतले असावेत. इथे लखनौत उन्हाळ्यात लोखंडी कूलर दोराने ओढून गच्चीवर चढवतात. आमच्या गल्लीत जाड काथ्याला गुळगुळीत नायलॉन असाच जोडलेला दिसला आणि खाली एक पोरगा वर बघत उभा. मी काम थांबवलं. एक टोक उलटं खेचलं, गाठ घसरून हातात आली.

तिथे हवी विणकरगाठ. जाड दोराचं टोक दुमडा. बारीक दोर त्या दुमडीतून खालून वर काढा, दुमडीच्या दोन्ही पायांमागून वळसा द्या आणि स्वतःच्याच खाली खोचा. इचलकरंजीचा विणकर तुटलेला धागा याच गाठीने जोडतो, खलाशी दोर जोडतात.

दुसरी बोलाईन, न आवळणारा फास. पुरात, विहिरीत माणसाला ओढायचं तर छातीभोवती सरकता फास कधीच नको, श्वास कोंडतो. दोराचा छोटा वेढा करा, मोकळ्या टोकाची बाजू वर ठेवून. ती झाली विहीर, वर जाणारा ताणाचा दोर म्हणजे झाड. साप विहिरीतून वर येतो, झाडामागून वळसा घेतो, परत विहिरीत उतरतो. आवळा. नायलॉन असेल तर वीतभर शेपूट सोडा, कारण ताण गेला की ही गाठ सैलावते.

आता दिवा मालवून बांधा. पुरात उजेड असेलच असं नाही.