व्याधमार्गे प्रश्वा

मी वसईचा. विरारहून रेल्वेने दिव्याला जायचे तर नकाशावर सरळ रेघ मारून भागत नाही. गाडीला वसई रोडवरूनच वळावे लागते. एका विज्ञानकथेसाठी ताऱ्यांमधले मार्ग आखायला बसलो, तेव्हा हे जंक्शनच माझ्या मदतीला आले.

पहिली चूक झाली ती तारकानकाशावर पट्टी ठेवल्यामुळे. दक्षिणेच्या आकाशात मित्र आणि मित्रक हे तारे शेजारी दिसतात, म्हणून मी त्यांना एका टप्प्यात जोडून टाकले. प्रत्यक्षात मित्र आपल्यापासून सुमारे ४.४ प्रकाशवर्षे दूर, तर मित्रक जवळजवळ ३९०! आकाशाचा नकाशा दिशा दाखवतो, खोली नाही.

मग मी नियम ठरवले. यानाचा वेग प्रकाशाच्या निम्मा आणि शिधा नऊ प्रकाशवर्षांच्या प्रवासापुरता. प्रश्वा सूर्यापासून साडेअकरा प्रकाशवर्षांवर, म्हणजे थेट जाता येणार नाही. पण व्याध ८.६ वर आहे आणि व्याधापासून प्रश्वा सुमारे सव्वापाच. झाले, व्याध आपोआप जंक्शन ठरला! शिधा सात प्रकाशवर्षांपुरता धरला असता, तर थेट व्याधही गाठता आला नसता. एक आकडा बदलला की सगळा नकाशा बदलतो.

१९७४ साली डॉ. जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि बक्षीस मिळवले. कल्पनेने झेप घ्यावी, पण मानलेला नियम मोडू नये, हे मी त्यांच्या कथांवरून शिकलो.

आणि तरीही चुकलोच. कथेतली लेक व्याधाला पोहोचते आणि त्याच संध्याकाळी आईला तिचा निरोप मिळतो, असे मी लिहून गेलो होतो. हिशेब केला. प्रवासाला सतरा वर्षे, निरोप यायला आणखी साडेआठ. निरोप देताना पन्नाशीची असलेली आई 'सुखरूप पोहोचले' हे शब्द ऐकेल, तेव्हा ती शहात्तरची असेल. पोर्तुगीज अमलात वसईहून लिस्बनला धाडलेल्या पत्राचे उत्तर यायलाही वर्ष उलटून जाई. इथे तर उमेदच सरायची.

ते पान मी फाडले. नवी कथा त्या वाट पाहणाऱ्या आईची झाली. मार्ग आखताना जाणाऱ्याचे अंतर मोजतो, तसे मागे राहणाऱ्याचे दिवसही मोजायला हवेत.