थांबण्याची ऐपत : आल्सासच्या एका पांढऱ्या वाईनची कथा

लोणचे मुरते तशी वाईनही मुरते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण ती सरसकट खरी नाही. जगात तयार होणारी बहुतेक पांढरी वाईन दोन-तीन वर्षांतच प्यावी अशी असते. त्यानंतर तिचा ताजेपणा ओसरतो आणि चव बसते. या नियमाला जे मोजके अपवाद आहेत, त्यांत फ्रान्सच्या ईशान्य सीमेवरील आल्सास प्रांतातील ‘क्लो सँत ह्युन’ या वाईनचे नाव आदराने घेतले जाते. चांगल्या वर्षाची बाटली नीट जपली, तर ती वीस-तीस वर्षांनंतरही उत्तम लागते.

ही वाईन ट्रिमबाक कुटुंब तयार करते. १६२६ मध्ये रिक्वीर या गावी या घराण्याचा व्यवसाय सुरू झाला. आज रिबोव्हिले येथून कारभार चालतो आणि तो अद्याप घरच्याच माणसांच्या हाती आहे. या काळात प्रांताने देश मात्र अनेकदा बदलला. १८७१ मध्ये आल्सास जर्मनीकडे गेला, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे परतला, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीच्या ताब्यात गेला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पुन्हा फ्रेंच झाला. ‘क्लो सँत ह्युन’ हे नाव वाईनला प्रथम मिळाले ते १९१९ च्या पिकापासून, म्हणजे प्रांत फ्रान्समध्ये परतला त्याच सुमारास.

‘क्लो’ म्हणजे कुंपण घातलेला मळा. ह्युनावीर गावातील हा मळा अवघा १.६७ हेक्टरांचा, म्हणजे सुमारे चार एकरांचा आहे. दोनशेहून अधिक वर्षे तो याच कुटुंबाकडे आहे. जमीन चुनखडीची आणि वेल रीसलिंग जातीच्या द्राक्षाची. पश्चिमेला व्होज पर्वताची रांग ढग अडवते. सह्याद्री ओलांडून पूर्वेकडे गेले की पाऊस जसा झपाट्याने कमी होतो, तसेच येथेही घडते. जवळचे कोलमार हे फ्रान्समधील अत्यंत कोरड्या शहरांपैकी एक मानले जाते. कोरड्या हवेमुळे द्राक्षे वेलीवर सावकाश पिकू शकतात, आणि थंड रात्रींमुळे त्यांतील आंबटपणा टिकून राहतो.

हा आंबटपणाच या वाईनच्या दीर्घायुष्याचे मूळ आहे. तांबडी वाईन सालींसह आंबवली जाते आणि सालींतील तुरट द्रव्ये तिचे रक्षण करतात. पांढऱ्या वाईनसाठी रस आधीच गाळून वेगळा केला जातो, त्यामुळे तिला तो आधार नसतो. तिला तारून नेते ती मुख्यतः आम्लता. काही ठिकाणी जिवाणूंच्या साह्याने तीक्ष्ण आम्ल सौम्य करून घेतात. ट्रिमबाक कुटुंब ते टाळते. नव्या लाकडी पिंपांचा वासही वाईनला लागू दिला जात नाही. परिणामी तरुणपणी ही वाईन कडक आणि काहीशी अबोल वाटते. पुढे बाटलीत मंद रासायनिक बदल होत जातात. रंग सोनेरी होतो, लिंबासारखा गंध मागे सरतो आणि मध, भाजलेला पाव व खनिजांची आठवण देणारे गंध पुढे येतात. जुन्या रीसलिंगला येणारा रॉकेलसारखा हलका वासही याच प्रक्रियेतील आहे. द्राक्षातील रंगद्रव्यांच्या विघटनातून तो निर्माण होतो.

म्हणूनच ही वाईन बाटलीत भरल्यानंतरही साधारणपणे पाच वर्षे किंवा अधिक काळ तळघरातच ठेवली जाते. एका वर्षाच्या बाटल्या सहसा दहा हजारांच्या आतच असतात. म्हणजे निदान पाच हंगामांचा माल आणि त्यात गुंतलेला पैसा सतत अडकून पडलेला असतो. दर तिमाहीला नफ्याचा हिशेब द्यावा लागणाऱ्या कंपनीला हे परवडणे कठीण. आजोबांनी लावलेल्या आंब्याची फळे नातवाने खावीत, या हिशेबानेच असा व्यवसाय चालू शकतो.

पण कुटुंब असले म्हणजे जमीन अखंड राहतेच असे नाही. फ्रेंच कायद्यानुसार मालमत्तेचा मोठा भाग मुलांसाठी राखीव असतो : एक मूल असल्यास निम्मा, दोन असल्यास दोन तृतीयांश, तीन किंवा अधिक असल्यास तीन चतुर्थांश. गोव्याच्या वाचकाला हे तत्त्व अपरिचित नाही. पोर्तुगीज नागरी संहितेतून येथे आलेल्या वारसा व्यवस्थेतही निम्म्या मालमत्तेवर सक्तीच्या वारसांचा हक्क असतो. न्याय्य असलेल्या या तत्त्वामुळे जमिनीचे तुकडे मात्र होतात. बर्गंडीतील ‘क्लो द वूजो’ हा सुमारे पन्नास हेक्टरांचा प्रसिद्ध मळा विक्री आणि वाटण्या होत आज सुमारे ऐंशी मालकांत विभागला गेला आहे. यावर उपाय म्हणून अनेक फ्रेंच कुटुंबे जमीन कौटुंबिक संस्थेच्या नावे करतात; वारसांना हिस्सा मिळतो, पण बांध पडत नाहीत.

दुसरे संकट बांध घालून अडवता येणारे नाही. आल्साससमध्ये पूर्वी ऑक्टोबरात होणारी तोडणी आता बहुधा सप्टेंबरातच सुरू होते. उन्हाळा जितका तापतो, तितकी साखर लवकर भरते आणि आम्ल झपाट्याने घटते. ज्या आम्लतेवर ही वाईन वर्षानुवर्षे टिकते, तिलाच हा धक्का आहे. तोडणीचा दिवस काही दिवसांनी जरी चुकला, तरी त्याचा परिणाम बाटलीत पुढे अनेक वर्षे राहतो. आज भरल्या जाणाऱ्या बाटल्या आधीच्या बाटल्यांइतक्या टिकतील का, याचे उत्तर आजच्या मालकांनाही लगेच मिळणार नाही. ते बहुधा त्यांच्या मुलांना, बूच काढल्यावर मिळेल.