घोडे नाहीत? सायकली आहेत!

सिनेमा हा लाखो-करोडोंचा खेळ, कष्टकऱ्यांच्या पोरांनी त्या वाटेला जाऊ नये, असे घरोघरी म्हटले जाते. यंत्रमागांच्या मालेगावने ते खोटे ठरविले. तेथे व्हिडिओ पार्लर चालविणारे नासिर शेख यांनी २००० साली सुमारे ५० हजार रुपयांत 'मालेगाव के शोले' काढला. मूळ 'शोले'तले डाकू घोड्यांवर येतात. यांच्याकडे घोडे कुठले? यांचे डाकू सायकलींवर आले आणि तीच गंमत ठरली. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन'च्या वेळी सायकल कॅमेऱ्याची गाडी झाली, बैलगाडी क्रेन झाली. नायक होता मागावरचा कामगार. २००८ च्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात हे सारे पाहावयास मिळते.

तरुण मित्रांनो, धडा साधा आहे. आधी कथा लिहून मग साधनांसाठी वणवण करू नका. घर, गल्ली, शेजाऱ्याचा टेम्पो, हातातला मोबाईल, जे जवळ आहे त्याची यादी करा आणि त्यावरच पटकथा रचा. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट. पाच पानांपासून सुरुवात करा. वही-पेन्सिल तर घरात आहेच!